ताटासमोरचा फोन

प्रश्न : मी लातूरचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेसमध्ये ओळखीचं कुणी नसलं की हात आपोआप फोनकडे जातो. रेंज नसली तरी गॅलरीतले जुने फोटो वर-खाली करत बसतो. ग्रुपवर माझे जोक चालतात, पण तीच मुलं समोर आली की घसा कोरडा. कॉल उचलत नाही, नंतर 'बोल' असा मेसेज टाकतो. आईलासुद्धा. मागच्या सेमिस्टरला एक ओरल भीतीनं बुडवली. साधा बटणाचा फोन घेऊ का?

उत्तर : घेतलास तर पाण्याच्या जगकडे बघत बसशील! आमच्या कॉलेजात फोन नव्हते, तेव्हा मी नोटीस बोर्ड वाचत उभी राहायचे. परीक्षेचं एकच वेळापत्रक तीन-तीनदा.

भीती फोननं आणली, असं मी म्हणणार नाही. तो तिला लपायला जागा देतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये अशा पळवाटांविषयी नेमकं लिहिलं होतं. नजर चुकवली, वाक्यं मनात घोकली की वेळ निभावते. पण श्रेय त्या युक्तीला जातं. तिच्याशिवायही निभावलं असतं, हे कळतच नाही.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोम आहे. फोनमध्ये डोकं घातलेला मुलगा शेजारच्याला घाबरट नाही, शिष्ट वाटतो. म्हणून तोही गप्प बसतो, आणि तू समजतोस, आपण कुणाला नकोच आहोत.

आठवडाभर फक्त दुपारच्या जेवणाला फोन खोलीवर ठेव. निघण्याआधी वहीत लिही, काय होईल असं वाटतंय : 'सगळे माझ्याकडे बघतील' वगैरे. परत आल्यावर लिही, खरंच किती जणांनी बघितलं. बोलायचं तर 'जरा लोणचं सरकव' एवढंच. पुढच्या आठवड्यात शेजारी बसलेल्याची ब्रँच विचार. पहिले दोन दिवस वाईट जातील, हे आत्ताच सांगते.

ओरलचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. सहा महिन्यांहून जास्त हे चाललंय आणि परीक्षा बुडतेय, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट. ते जड वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे; मोफत, मराठीतही बोलता येतं. हो, कॉलच करावा लागतो. तोंड उघडेना तर सुरुवातीचं वाक्य कागदावर लिहून वाच, चालेल.

त्याआधी आईचा फोन उचल.