लस दिल्यावर कोंबड्यांचं रक्त कमी होतं का?

लासोटा (राणीखेत म्हणजे मानमोडीची लस) किंवा गंबोरो या विषाणूजन्य रोगाच्या लसीने रक्तातल्या लाल पेशी कमी होत नाहीत. बदल दिसतो तो पांढऱ्या पेशींत: हेटेरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचं प्रमाण घटतं. हा ताणाचा परिणाम. नुसतं पक्षी पकडल्यानेही होतो. काही दिवसांत तो ओसरतो, प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं, अँटीबॉडी) मात्र वाढत जातात. म्हणून टायटर (प्रतिपिंडांची पातळी) तपासायला रक्त लस दिल्यानंतर 2 ते 3 आठवड्यांनी, पंखाच्या शिरेतून 1–2 मिली घ्यावं. तपासणीला रक्तजल (सीरम, गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी) हवं असल्याने नळीत गोठू द्यावं, हलवू नये.

लसीनंतर तुरे फिके पडले तर दोष लसीवर ढकलू नका. आधी कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची रक्ती हगवण, पिसवा-गोचीड आणि सल्फा औषधाची जादा मात्रा पाहा. पिल्लांचं पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा वाटा) 27 टक्क्यांखाली असेल तर चिकन ॲनिमिया विषाणूची शंका घ्यावी. त्याची लस पिल्लांना नव्हे, ब्रीडर (पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या) माद्यांना अंड्यावर येण्याआधी देतात. त्यांची प्रतिपिंडं अंड्यातून पिल्लांत उतरतात.

गंबोरोची तीव्र लस फार लवकर दिली तर बर्सा (पिल्लांच्या शेपटीजवळचा, रोगप्रतिकारशक्ती घडवणारा अवयव) खराब होतो. रक्त ठीक दिसतं, पण पुढच्या लसी नीट लागत नाहीत.