कोविडनंतर स्पायरोमेट्री नॉर्मल आली, तरी धाप का लागते? फुप्फुसे कायमची खराब झाली असतील का?

२०२१ मध्ये कोविड-न्यूमोनिया झाला, काही दिवस ऑक्सिजन लावावा लागला, आता स्पायरोमेट्री नॉर्मल आहे, तरीही दोन जिने चढले की धाप लागते, असे आपण लिहिले आहे. मी पुण्यात फुप्फुसांच्या कार्यक्षमतेच्या चाचण्या करणारा तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे निदान करणार नाही, पण आपल्या हातातला अहवाल काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे सांगू शकतो.

स्पायरोमेट्री फुंकलेल्या हवेचे प्रमाण आणि वेग मोजते. वायुकोशांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात नीट उतरतो की नाही, हे तिला कळत नाही, आणि कोविड-न्यूमोनियाचा मार तर मुख्यतः याच भिंतीवर आणि तिला लागून असलेल्या केशवाहिन्यांवर बसतो. त्यासाठी डीएलसीओ ही वेगळी चाचणी आहे. तीत अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा छातीभर घेऊन सुमारे १० सेकंद श्वास रोखायचा असतो. बाहेर आलेल्या हवेत तो वायू किती उरला, त्यावरून यंत्र हिशेब करते. वुहानमधून घरी सोडलेल्या रुग्णांची सहा महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा सर्वाधिक गंभीर गटातील चाचणी केलेल्या निम्म्याहून अधिक जणांत, आणि ऑक्सिजन न लागलेल्यांपैकीही सुमारे २२ टक्क्यांत, वायू रक्तात नीट न उतरण्याचा हा दोष आढळला होता.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये बातम्यांत गाजला. त्यात सुमारे ४४ टक्के रुग्णांची वायू-विनिमयाची क्षमता घटलेली आणि ३५ टक्क्यांत फुप्फुसांचे आकुंचन दर्शवणारा दोष होता. ‘भारतीयांची फुप्फुसे इतरांपेक्षा जास्त बिघडली’ हा मथळा मला मात्र घाईचा वाटतो. या तपासण्या आजारानंतर साधारण दोन महिन्यांनी झाल्या आणि बहुतेकांची आधीची स्थिती माहीत नव्हती. शिवाय ‘अपेक्षित मूल्य’, म्हणजे तुलनेसाठी धरलेला निरोगी माणसाचा आकडा, कोणत्या लोकसमूहावरून काढले, यावर टक्केवारी बरीच हलते. डीएलसीओची प्रचलित जागतिक समीकरणे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेली आहेत, त्यामुळे आपल्याकडचा ठणठणीत माणूसही कधी कधी कागदावर उणा दिसतो.

‘कायमचे’ याबद्दल म्हणायचे, तर कोविडच्याच कुळातल्या विषाणूमुळे आलेल्या २००३ च्या सार्स साथीत बाधित झालेल्या बीजिंगमधील आरोग्य कर्मचाऱ्यांचा १५ वर्षे पाठपुरावा झाला. त्यांच्या फुप्फुसांवरील डागांत मुख्य सुधारणा पहिल्या वर्षातच झाली आणि पुढे ते जवळपास तसेच राहिले. म्हणजे काही वण राहू शकतात, पण ते आपोआप वाढतच जातात असे दिसले नाही. त्यामुळे एका अहवालातल्या आकड्यापेक्षा, शक्यतो त्याच यंत्रावर काही महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्यांतला फरक मला अधिक बोलका वाटतो.

आपल्या छातीरोगतज्ज्ञांना डीएलसीओ आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी याबद्दल विचारावे, आणि डीएलसीओच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण रक्तक्षयात हा आकडा फुप्फुस निरोगी असूनही घसरतो. या चाचण्याही ठीक आल्या, तर धापेचे कारण हृदयात, फुप्फुसातील रक्ताच्या गुठळीत किंवा अंथरुणावर पडून दुबळ्या झालेल्या स्नायूंत असू शकते. त्यांपैकी स्नायूंचा दुबळेपणा श्वसन-पुनर्वसनाच्या व्यायामांनी बराच सुधारतो. मात्र हृदय आणि गुठळी यांची शंका डॉक्टरांकडून आधी दूर करून घ्यावी.