रोज रात्री साडेबारा कसे वाजतात?

प्रश्न : ताई, मी मिरजेत राहते, वय 54. मुलगा नोकरीला पुण्यात. रात्री ओटा आवरला की नऊला मालिका, मग पलंगावर पडून रील्स. कुणाची आमटी, कुणाचं भांडण, कुणाची मांजर. बघता बघता साडेबारा होतात आणि सकाळी एकही आठवत नाही. लग्नाआधी पेटी शिकत होते, मध्यमापर्यंत परीक्षाही दिल्या. ती पेटी आता कपाटावर आहे. ॲप कितीदा काढलं, कितीदा परत घेतलं. हे म्हणतात, "दिवसभर राबतेस, तेवढी करमणूक नको का?" मग मन मारून जगायचं का? — एक वाचक

उत्तर : तुमच्या यजमानांचं निम्मं बरोबर आहे. करमणूक हवीच. पण जी सकाळी आठवतसुद्धा नाही, तिला करमणूक कशाला म्हणायचं?

मालिकेला मी फार दोष देणार नाही. (त्यातल्या सासवा मला सोसत नाहीत, तो भाग वेगळा.) ती अर्ध्या तासात संपते तरी. दूरदर्शनच्या दिवसांत तर रात्री प्रक्षेपणच थांबायचं, पडद्यावर मुंग्या आल्या की घर झोपायला जायचं. रील्सना शेवटच ठेवलेला नाही. 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. बोट सरकवलं की पुढे काय निघेल ते ठाऊक नसतं. बरेचसे फुसके, मग एखादा खळखळून हसवतो, आणि तसाच दुसरा मिळेल म्हणून बोट चालत राहतं. मटक्याचा नाद लागतो तो असाच. तेव्हा स्वतःला आळशी म्हणू नका.

ॲप काढूनही परत येतं, कारण ती वेळ तुम्ही नुसती रिकामी केलीत. तिथे पेटी यायला हवी. भाता फाटला असेल, पट्ट्या अडकत असतील, सूर उतरले असतील. अहो, पण तुम्ही मिरजेत राहता! वाद्यं बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत जाऊन विचारा, पेटी उघडून बघणारा कोणीतरी नक्की सापडेल. आधी भूप रागाचे पाच स्वर घ्या. बोटं वळणार नाहीत, कंटाळा येईल, फोन खुणावेल. येऊ दे कंटाळा.

वेळ मात्र रात्रीची नको, नाहीतर तुमचे शेजारी मला पत्र लिहितील. तुमच्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. मुलांच्या अभ्यासासाठी केलेली सोय, पण मला त्यातला बेतशीरपणा आवडला. दीडच तास, आणि सगळ्यांनी मिळून. तुम्हीही तोच दीड तास धरा. ओळखीत कुणी गाणारी असेल तर तिला बोलवा. दुसरं माणूस यायचं असलं की पेटी आपोआप काढली जाते.

आणि रात्री? किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची एक ध्वनिमुद्रिका ऐका. 1937 साली ते गेले, मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, तुम्ही शेजारून कितीदा गेला असाल. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत. म्हणजे लांबी जवळपास रीलएवढीच! पण त्यातली एखादी तान दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना ओठांवर येते. पाहिजे तर तीच पुन्हा लावा. फक्त यूट्यूबवरचं 'ऑटोप्ले' बंद ठेवा. पाहिल्याची नोंद थांबवून जुनी नोंद पुसलीत, तर पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओही दिसायचे थांबतात. मग फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

यजमानांवर यातलं काही लादू नका. त्यांना रील्स बघायचे तर बघू देत, कानात इअरफोन घालून. भात्याच्या दुरुस्तीचे पैसे मात्र त्यांच्याकडूनच घ्या. करमणूक हवी असं तेच म्हणालेत ना!