कपडे आपोआप पेटतात, तेव्हा

प्रश्न : आमच्या घरात दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात. पाळत ठेवली की थांबतं. शोध कसा घ्यावा? कुणीच सापडलं नाही तर?

उत्तर : आधी वही सुरू करा. प्रत्येक घटनेची वेळ, जागा, त्याआधीच्या तासाभरात तिथे कोण होतं, हे त्याच दिवशी लिहा. चार दिवसांनी आठवणी एकमेकींत मिसळतात. जळका तुकडा धुऊ नका, झाकणाच्या बरणीत ठेवा. लसणासारखा वास आणि पांढरा धूर असेल तर पिवळ्या फॉस्फरसचा संशय घ्या. तो पाण्याखाली ठेवतात. ओल्या कापडातला तुकडा सुकला की ३० अंशांच्या आसपास पेट घेतो. म्हणून आग लागते तेव्हा ठेवणारा भलतीकडेच असतो. तपकिरी-जांभळे डाग दिसले तर पोटॅशियम परमँगनेट (ग्लिसरीन मिसळलं की पेटणारं जांभळं रसायन) आहे का, ते तपासा.

भानामती, म्हणजे असे ‘आपोआप’ वाटणारे प्रकार, करणारी व्यक्ती बहुधा घरातलीच, मनातून कोंडलेली असते. तिला चारचौघांत उभं करू नका. एकटीशी बोला, समुपदेशकाकडे न्या. शेजारणीवर ‘करणी केली’ असा आळ तर मुळीच नको. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

कुणीच सापडलं नाही, तर वहीत ‘उलगडा झाला नाही’ एवढंच लिहा. त्यापुढे ‘म्हणून भूत’ जोडायला पुरावा लागतो, आणि तो तुमच्याकडे नाही.