घरच्या बाभळीची काठी वडिलांसाठी करता येईल का? आणि फांदी वाळताना तडकू नये म्हणून कुठलं पॉलिश लावायचं?

करता येईल, नक्की करा. बाभूळ यासाठी चांगलं लाकूड आहे, कुऱ्हाडीच्या दांड्याला उगीच नाही वापरत. पण तुम्ही लिहिलंय की बांधावरची फांदी तोडली, लगेच सोलली, गच्चीवर उन्हात ठेवली आणि महिन्याभरात उभी चीर गेली, पॉलिश लावलं असतं तर वाचली असती का. नसती वाचली. काठी वाळवतानाच बिघडते नाहीतर वाळवतानाच चांगली होते, पॉलिश हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे, आणि सगळे विचारतात मात्र त्याच्याबद्दलच.

चीर का जाते ते आधी बघा. ओलं लाकूड वाळताना आकसतं पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, बाहेरून गाभ्याकडे थोडं, आणि घेरात त्याच्या साधारण दुप्पट. अख्खी गोल फांदी असली की गाभा मध्येच असतो, वरचा थर उन्हाने पटकन वाळतो आणि त्याचा घेर लहान व्हायला बघतो, आतलं लाकूड अजून ओलं असल्यामुळे ते जागचं हलत नाही, मग वरचा थर फाटतो, दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणून एकच गोष्ट आपल्या हातात आहे, वाळण्याचा वेग कमी करणं.

फांदी हिवाळ्यात तोडा. लागते त्यापेक्षा दोन्ही टोकांना वीतभर जास्त ठेवा कारण टोकाकडून पाणी सगळ्यात लवकर उडतं, तिथे बारीक भेगा पडल्या तरी नंतर कापून टाकता येतात. तोडल्या दिवशीच कापलेल्या टोकांना मेण वितळवून लावा, मेण नसेल तर उरलेला ऑइल पेंट किंवा फेविकॉलचे दोन जाड हात. साल काढू नका. सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी आडवी ठेवा, खाली दोन-तीन लाकडी तुकडे द्या म्हणजे जमिनीला टेकणार नाही. पत्र्याखाली माळ्यावर नको, तिथे उन्हापेक्षा जास्त तापतं.

बाभळीत अजून एक भानगड आहे, भुंगा. फांदीच्या जाडीचं लाकूड बहुतेक बाहेरचं पांढरट असतं, त्यात पिठूळ अंश असतो आणि भुंग्याला तोच हवा असतो. काठीखाली पिठासारखी बारीक पूड दिसली की समजा लागला. जुने शेतकरी औताचं लाकूड पाण्यात टाकून ठेवायचे ते याचसाठी. विहीर, ओढा, टाकी, काहीही चालेल, तीन-चार आठवडे पूर्ण बुडवून ठेवा (टाकी असेल तर पाणी बदलत राहा, वास मारतं) आणि मगच सावलीत वाळत घाला. दोनेक महिन्यांनी साल काढा, त्याच्याखाली किडे लपतात.

वाळलं की नाही ते कसं कळणार? किचनच्या वजनकाट्यावर. पंधरा-वीस दिवसांनी एकदा वजन करून सालीवर, साल काढली असेल तर लाकडावरच, पेन्सिलने लिहून ठेवा, वजन उतरायचं थांबलं की वाळलं. इंचभर जाडीला वर्ष धरतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्या आधीही होतं, पण पावसाळ्यातला आकडा खरा मानू नका.

वाकडी असेल तर पूर्ण वाळायच्या आधी सरळ करून घ्या. वाकलेल्या जागी वाफ द्यायची, इंचभर जाडीला तासभर तरी, मग गरम असतानाच झाडाच्या बेचक्यात अडकवून उलट बाजूला थोडी जास्तच वाकवा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा किंवा बांधून टाका. जिथे मोठी गाठ आहे तिथे जोर लावू नका, तिथूनच मोडते.

लाकूड अजून निवडायचं असेल आणि तुमच्याकडे धामण मिळत असेल तर मी डोळे झाकून धामण घेईन. लवचिक आणि चिवट, धनुष्य आणि कावडीचा दांडा याचाच करतात. कोकणात कोणी ओळखीचं असेल तर माणगा बांबू मागवा, बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो, फक्त तीन वर्षांच्या वरचा जून घ्या. पोकळ बांबू वडिलांच्या हातात देऊ नका. साग, खैर, ऐन, जांभूळ ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा आधी वनखात्यात विचारून घ्या. आणि फळीतून चिरलेली काठी नकोच, लाकडाच्या रेषा तिरक्या गेल्या असतील तर भार पडला की तिथेच तुटते. फांदीत रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात, फांदीची काठी करायची ती याच्यासाठी.

मूठ. इथे घाई करू नका, वडिलांचा सगळा भार या मुठीवरच येणारे. फांदीला जिथे जाड उपफांदी फुटलीय तो भाग वर ठेवून त्यातून मूठ काढली तर जोड लागतच नाही, रेषा वळून मुठीत जातात, याच्याइतकी मजबूत मूठ कुठल्याही खिळ्या-स्क्रूने होत नाही. तळवा पूर्ण टेकेल एवढी रुंद ठेवा आणि भार दांड्याच्या बरोबर वर येऊ द्या, एका बाजूला लांब निघालेली मूठ दिसते छान पण हातात फिरते. कोयत्याने ओबडधोबड आकार, मग पटाशी, मग कानस, आणि मध्ये मध्ये वडिलांच्या हातात देऊन बघा, कुठे टोचतं ते तेच सांगतील. बोटं आखडत असतील तर मूठ जरा जाड ठेवा. नक्षी करायची हौस असेल तर मुठीच्या खालच्या वीतभर भागात करा, धरायच्या जागी नको.

उंची अशी घ्या, रोजची चप्पल घालून सरळ उभं करा, हात सैल सोडायला लावा, जमिनीपासून मनगटाच्या रेघेपर्यंतचं माप म्हणजे खालच्या रबरी टोपीसकट काठीची उंची. कोपर किंचित वाकलेलं राहतं. सुरुवातीला दोन इंच जास्तच ठेवा, चालून बघून कापा. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, बरेच जण त्याच बाजूला धरतात.

आता तुमचं पॉलिश. 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220, बास. ओल्या फडक्याने पुसा, रोवं उभी राहतात, वाळल्यावर परत 220 हलका फिरवा. त्यावर जवसाचं डबल बॉईल तेल, पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, दिवसाआड असे तीन-चार हात. चमकणारं व्हार्निश घामाच्या हाताला निसटतं आणि टवके निघाले की सगळं खरवडावं लागतं, तेल लावलेली काठी मात्र वर्षातून एकदा परत तेल लावलं की झाली. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका प्लीज, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका.

खाली लोखंडी शेंबी (टोकावर बसवायची टोपी) घरातल्या फरशीवर घसरते, त्यामुळे मेडिकलमधून रबरी टोपी घ्या, टोकाचा व्यास मोजून न्या आणि टोक त्या मापाला तासा म्हणजे घट्ट बसेल. तळाच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की लगेच बदला, बाथरूमच्या ओल्या फरशीवर सगळा आधार त्या खाचांचाच असतो.