तुझ्या खानावळवाल्या काकूंबद्दल

काय गं लेखिकाबाई,

कथा वाचली काल रात्री. काकू झकास जमल्यात, पण त्या ज्याला गंडवतात तो बिल्डर एवढा मठ्ठ का केलायस? मठ्ठ माणसाला गंडवण्यात काय मजा, ते कुणीही करेल.

कोलंबो बघितलायस का, ती अमेरिकन टीव्ही सिरीज? नसशील तर आधी ती बघ. लॉस एंजेलिसचा डिटेक्टिव्ह, चुरगळलेला रेनकोट, खटारा प्यूजो गाडी आणि तोंडात सारखा बायकोचा विषय. खून कुणी केला ते आपल्याला सुरुवातीलाच दाखवून टाकतात, म्हणजे सस्पेन्स तिथे नाहीच, आपण बसायचं बघत की हा पैसेवाला, शिकलेला खुनी या गबाळ्याला कधी ओळखतो. आणि न ओळखायला अक्कल कमी असते असं नाही हं, असल्या कपड्यांतल्या माणसाकडे त्याने जन्मात कधी नीट बघितलेलंच नसतं.

1968 च्या पहिल्या टीव्ही पिक्चरमध्ये तर खुनी सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे, बायकोला मारलेलं असतं त्याने, आणि तो कोलंबोला तोंडावर सांगतो की तुझा हा वेंधळेपणा सगळा नाटक आहे. ओळखलं की! तरी अडकतोच, कारण ज्या मैत्रिणीला खुनात सामील करून घेतलं तिला तो खिजगणतीतच धरत नाही, आणि कोलंबो नेमका तिलाच गाठतो.

दुसरा जपानचा झातोइची, आंधळा मालिशवाला, काठीत तलवार लपवलेली. 1962 च्या पहिल्याच पिक्चरमध्ये जुगाराचा सीन आहे. हा भांडं पालथं घालताना फासे बाहेर पडतात, सगळ्यांना दिसतात, पण आंधळ्याला कोण सांगतंय, सगळे गुपचूप जे दिसतंय त्यावरच पैसे लावतात. मग हा म्हणतो अरेच्चा, हे बाहीतून पडले वाटतं, खरे आत आहेत. मला तलवारबाजीपेक्षा हा सीन जास्त आवडतो, त्यांना त्यांच्याच लबाडीने खाल्लं ना.

तर तुझ्या बिल्डरला चलाख कर. सातबारा एका नजरेत वाचणारा, समोरचा वकील घाबरलाय की नाही ते आवाजावरून ओळखणारा. फक्त रोज काकूंकडे जेवतो आणि वर मान करून त्यांच्याकडे एकदाही बघत नाही, फोनवर सगळे व्यवहार तिथेच बोलतो, काकू आमटी वाढत असताना.

आणि शेवटचं काकूंचं दीड पानी भाषण आधी उडव. त्या काही बोलणार नाहीत, बिल हातात ठेवतील बस.

रविवारपर्यंत पाठव, मी वाट बघतोय.