१९६४ च्या शेवरले इम्पाला गाडीचं १/२५ मापाचं (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याचं) प्लास्टिक मॉडेल किट लोरायडरसारखं, म्हणजे जमिनीलगत टेकलेल्या गाडीसारखं, खाली कसं बसवायचं? मी मुंबईत राहतो, रंगासाठी काही वेगळं करावं लागेल का?

अ‍ॅक्सल चॅसिसमध्ये साधारण ४ मिमी वर घ्या, कारण खरी गाडी ४ इंच खाली आणायची तर ते १०१.६ मिमी, भागिले २५. याच मापाची किट्स बनवतो म्हणून सांगतो, आधी काहीही कायमचं चिकटवू नका. चारही चाकं डबल टेपवर बसवून बॉडी ठेवा आणि टायर फेंडरच्या कडेला घासतोय का ते पाहा. घासला तर कड आतून पातळ करा. चाकं मोठी घेतलीत तर सगळा ढंगच जातो. १३ इंची वायर व्हील या मापात १३.२ मिमीची होते, तेवढीच शोधा.

रंगाचं मात्र जपून. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत लॅकरचा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मारलात की दुधाळ पडतो: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो नि त्यावर बाष्प धरतं. कँडी लाल (चकचकीत थरावरचा पारदर्शक लाल) तर पार मातीमोल. तोवर चॅसिस आणि सीटा उरका. आणि हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर नको, प्लास्टिक विरघळतं.